फिरते मोबाइल प्रॉक्सी

इंटरनेटवरील मागणी मूळ संगणकावरून थेट न पाठविता मोबाइल जाळ्याला जोडलेल्या फोनमधून किंवा डोंगलमधून बाहेर पाठविणाऱ्या, आणि बाहेर दिसणारा पत्ता ठराविक काळाने किंवा गरजेनुसार बदलत ठेवणाऱ्या मांडणीस ‘फिरते मोबाइल प्रॉक्सी’ असे म्हणतात. प्रॉक्सी म्हणजे प्रतिनिधी किंवा मुखत्यार. मुखत्याराने केलेला व्यवहार समोरच्या पक्षाला मुखत्याराच्या सहीने दिसतो. त्याचप्रमाणे प्रॉक्सीमार्फत केलेली मागणी समोरच्या संगणकाला प्रॉक्सीच्या पत्त्यावरून आलेली दिसते. मात्र मुखत्यारपत्रावर मूळ मालकाचे नाव नोंदलेले असते. प्रॉक्सीच्या बाबतीत तशी नोंद असेलच असे नाही. या विषयाचे तांत्रिक व सामाजिक महत्त्व या फरकात आहे.

इंटरनेटवरील एका पत्त्यामागे एकच माणूस असतो, अशी सर्वसाधारण समजूत आहे. ती इंटरनेटच्या आरंभकाळातही पूर्णांशाने खरी नव्हती व मोबाइल जाळ्यांच्या काळात ती मुळीच खरी राहिलेली नाही. फिरत्या प्रॉक्सीचा इतिहास हा वस्तुतः एका पत्त्याची अनेकांमध्ये वाटणी कशी होत गेली, याचाच इतिहास होय. त्यातील भारतातील आरंभीचे काही टप्पे महाराष्ट्रात घडले. ही समजूत धरून चालल्यामुळे निरपराध व्यक्तींना त्रास झाल्याची उदाहरणेही महाराष्ट्रातीलच आहेत.

पत्ता व त्याची टंचाई : इंटरनेटला जोडलेल्या प्रत्येक उपकरणाला माहितीची देवघेव करण्यासाठी एक अंकीय पत्ता लागतो. त्यास आयपी पत्ता म्हणतात. सप्टेंबर १९८१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चौथ्या आवृत्तीच्या नियमसंहितेनुसार हा पत्ता ३२ द्विमान अंकांचा असतो. त्यामुळे एकूण पत्त्यांची संख्या ४२९ कोटी ४९ लक्ष ६७ हजार २९६ इतकी मर्यादित झाली. त्या काळी इंटरनेट हे विद्यापीठे व संशोधनसंस्थांपुरते मर्यादित होते आणि एक संगणक अनेकजण आळीपाळीने वापरीत. त्यामुळे ही संख्या विपुल वाटली. प्रत्येकाच्या खिशात इंटरनेटला जोडलेले उपकरण असेल, ही कल्पना त्या आराखड्यात नव्हती.

१९९० नंतरच्या दशकात टंचाईची चाहूल लागली. मे १९९४ मध्ये पत्त्यांच्या रूपांतराची पद्धत मांडण्यात आली. या पद्धतीत एखाद्या कार्यालयातील किंवा घरातील सर्व संगणकांना आतल्या वापराचे खाजगी पत्ते दिले जातात. बाहेर जाणाऱ्या प्रत्येक मागणीवरील खाजगी पत्ता काढून त्या जागी एकच सार्वजनिक पत्ता लावला जातो आणि उत्तर आले की ते योग्य संगणकाकडे वळविले जाते. कोणते उत्तर कोणाचे, हे ओळखण्यासाठी पत्त्याच्या जोडीला ‘पोर्ट’ क्रमांक वापरला जातो. एका पत्त्यासोबत असे ६५,५३६ क्रमांक संभवतात. पत्ता हा इमारतीचा आणि पोर्ट हा खोलीचा क्रमांक मानल्यास ही व्यवस्था ध्यानात येईल. खोलीचा क्रमांक टिपला नाही, तर पत्र कोणाचे होते हे इमारतीच्या पत्त्यावरून सांगता येत नाही.

ही योजना तात्पुरता उपाय म्हणून पुढे आली. तथापि तीच रूढ झाली. जागतिक पातळीवरील मोकळ्या पत्त्यांचा साठा ३ फेब्रुवारी २०११ रोजी संपला. भारत ज्या आशिया-पॅसिफिक विभागात मोडतो, त्या विभागातील सर्वसाधारण वाटप १५ एप्रिल २०११ रोजी थांबले. पत्त्यांच्या टंचाईची झळ प्रथम याच विभागाला लागली. चीन, भारत, इंडोनेशिया यांसारख्या देशांत मोबाइलवरील इंटरनेटचा विस्तार व्हावयाचा असतानाच पत्ते संपले होते.

भारतातील आरंभ : भारतातील शैक्षणिक व संशोधन जाळे ‘अर्नेट’ हे १९८६ मध्ये इलेक्ट्रॉनिकी विभाग व संयुक्त राष्ट्रांचा विकास कार्यक्रम यांच्या साहाय्याने उभे राहू लागले. तत्कालीन पाच भारतीय तंत्रविद्या संस्था, बंगलोरची भारतीय विज्ञान संस्था आणि मुंबईतील जुहू येथील राष्ट्रीय सॉफ्टवेअर तंत्रविद्या केंद्र यांचा त्यात सहभाग होता. या केंद्राचे संचालक श्रीनिवासन रमणी यांचा या कार्यात मोठा वाटा होता. परदेशाशी जाणारी जोडणी आरंभी याच केंद्रातून होई. म्हणजे देशातील अनेक संस्थांचा परदेशी पत्रव्यवहार एकाच दारातून बाहेर पडत असे.

सामान्य नागरिकांसाठी इंटरनेट सेवा विदेश संचार निगमाने १५ ऑगस्ट १९९५ रोजी सुरू केली. दूरध्वनीवरून जोडणी करून घेणाऱ्या ग्राहकांना दोन प्रकारची खाती मिळत. पहिल्या, स्वस्त प्रकारात ग्राहकाचा संगणक केवळ निगमाच्या मोठ्या संगणकाचा अक्षरपटल म्हणून काम करी. बाहेरील जगाला दिसणारा पत्ता निगमाच्या संगणकाचा असे. दुसऱ्या प्रकारात ग्राहकाच्या संगणकाला स्वतःचा पत्ता मिळे. पण तोही जोडणी असेपर्यंतच. जोडणी तुटली की तो पत्ता निगमाच्या साठ्यात परत जाई आणि पुढच्या ग्राहकाला दिला जाई. पत्त्याची सामायिकता आणि पत्त्याचे फिरणे ही फिरत्या प्रॉक्सीची दोन्ही अंगे या साध्या दूरध्वनी-जोडणीत आढळतात. फरक इतकाच, की तेथे पत्ता फिरविण्याचा हेतू टंचाईत काटकसर करणे हा होता. ओळख लपविणे हा नव्हता.

ग्रामीण महाराष्ट्रातही इंटरनेट प्रथम सामायिक स्वरूपातच पोहोचले. १९९८ मध्ये सुरू झालेल्या वारणा प्रकल्पात कोल्हापूर व सांगली जिल्ह्यांतील सु. ७० गावांसाठी संगणक केंद्रांची योजना होती. मुंबईच्या भारतीय तंत्रविद्या संस्थेने २००३ मध्ये सुरू केलेल्या ‘आक्वा’ या उपक्रमात शेतकऱ्यांच्या प्रश्नांना बारामतीच्या कृषी विज्ञान केंद्रातील तज्ञ उत्तरे देत. गावातील एका केंद्रावरून अनेक शेतकऱ्यांनी विचारलेले प्रश्न एकाच संगणकावरून जात. तेथे विचारणारा कोण, हे पत्त्यावरून नव्हे, तर केंद्रचालकाच्या ओळखीवरून कळे.

प्रॉक्सीचा उदय : प्रॉक्सी हे साधन प्रारंभी लपण्यासाठी निर्माण झाले नाही. मोठ्या संस्थांनी सुरक्षेसाठी आपले अंतर्गत जाळे बाहेरील इंटरनेटपासून अलग केले, तेव्हा आतील लोकांना बाहेरची पाने पाहता यावीत म्हणून मध्यस्थ संगणकाची गरज भासली. जिनीव्हाजवळील सर्न या संशोधनसंस्थेत तयार झालेल्या आज्ञावलीत १९९४ च्या सुमारास ही सोय करण्यात आली. एकदा आणलेले पान साठवून ठेवावे आणि दुसऱ्याने मागितल्यास साठ्यातूनच द्यावे, हा तिचा दुसरा उपयोग होता. १९९६ मध्ये उपलब्ध झालेली ‘स्क्विड’ ही मुक्त आज्ञावली या कामासाठी जगभर वापरात आली. परदेशी जोडणी महाग व मंद असलेल्या भारतातील विद्यापीठांना व तंत्रविद्या संस्थांना या साठवणुकीचा मोठा लाभ झाला. शेकडो विद्यार्थी एका प्रॉक्सीमागून इंटरनेट वापरू लागले आणि बाहेरील जगाला ते सर्व एकाच पत्त्यावर राहणारे दिसू लागले. मात्र संस्थेच्या प्रॉक्सीवर विद्यार्थ्याला स्वतःच्या नावाने व परवलीच्या शब्दाने प्रवेश करावा लागे आणि त्याची नोंद राही. बाहेरून न दिसणारी ओळख आत नोंदलेली असे.

मोबाइल व डोंगल : भारतातील पहिले मोबाइल संभाषण ३१ जुलै १९९५ रोजी कलकत्ता व दिल्ली या शहरांदरम्यान झाले. प्रारंभीची मोबाइल सेवा केवळ बोलण्यासाठी व लघुसंदेशांसाठी होती. पुढे तीवरून इंटरनेटची माहितीही वाहून नेण्यात येऊ लागली. २००० नंतरच्या दशकाच्या उत्तरार्धात संगणकाच्या यूएसबी खाचेत बसणारे, बोटाएवढे मोडेम बाजारात आले. डोंगल या नावाने ते लोकप्रिय झाले. तार न पोहोचलेल्या गावांत व वाड्यावस्त्यांवर संगणकाला इंटरनेट मिळण्याचा तो पहिला सोपा मार्ग ठरला. सरकारी कंपन्यांची तिसऱ्या पिढीची मोबाइल सेवा २००८-०९ मध्ये सुरू झाली. २०१० मधील लिलावानंतर खाजगी कंपन्याही या क्षेत्रात उतरल्या. सप्टेंबर २०१६ मध्ये रिलायन्स जिओची चौथ्या पिढीची सेवा सुरू झाल्यावर मोबाइलवरील इंटरनेटचे दर झपाट्याने उतरले आणि फोन हेच बहुसंख्य भारतीयांचे इंटरनेटचे प्रमुख साधन बनले.

या वाढत्या ग्राहकसंख्येला पुरतील इतके जुन्या पद्धतीचे पत्ते कंपन्यांकडे नव्हते. म्हणून घराच्या पातळीवर वापरली जाणारी पत्ता-रूपांतराची पद्धत कंपन्यांनी आपल्या संपूर्ण जाळ्याला लागू केली. एप्रिल २०१२ मध्ये कंपन्यांच्या अंतर्गत वापरासाठी ४१ लक्ष ९४ हजार ३०४ पत्त्यांचा एक स्वतंत्र गट राखून ठेवण्यात आला. फोनला मिळणारा पत्ता हा अशा अंतर्गत पत्त्यांपैकी असू शकतो. बाहेरील जगाला दिसतो तो कंपनीचा सार्वजनिक पत्ता, आणि तो एकाच क्षणी अनेक ग्राहकांत वाटलेला असतो.

पुणे जिल्ह्यातील बारामती–इंदापूर मार्गावरील सणसर या गावाच्या उदाहरणाने हे स्पष्ट होईल. इंदापूर तालुक्यातील हे गाव उसाच्या पट्ट्यात आहे. जवळच भवानीनगर येथे श्री छत्रपती सहकारी साखर कारखाना आहे. संत तुकाराम महाराजांच्या पालखीचा एक मुक्काम सणसर येथे असतो. त्या रात्री पालखीसोबत चालणाऱ्या वारकऱ्यांचे फोन तेथील मोबाइल मनोऱ्यांशी जोडले जातात. कोणी घरी चित्र पाठवितो, कोणी दुसऱ्या दिवशीच्या बेलवाडीच्या रिंगणाची वेळ पाहतो, तर कोणी मुलाच्या खात्यावर पैसे जमा करतो. या असंख्य व्यवहारांकडे दूरच्या एखाद्या सर्व्हरवरून पाहिल्यास ते मोजक्याच पत्त्यांवरून आलेले दिसतात. ते पत्तेही सणसरचे म्हणून ओळखता येत नाहीत; कारण बाहेरचा पत्ता मनोऱ्यापाशी नव्हे, तर कंपनीच्या दूरच्या शहरातील केंद्रात लावला जातो. एवढ्या समुदायातून एक माणूस केवळ पत्त्यावरून निवडणे अशक्य असते.

मांडणी व कार्य : फिरत्या मोबाइल प्रॉक्सीची मांडणी याच वस्तुस्थितीवर आधारलेली आहे. तिचे चार भाग असतात : (१) सिम कार्ड घातलेले अनेक फोन किंवा डोंगल, (२) त्यांना वीज व जोडणी पुरविणारे, स्वतंत्र वीजपुरवठा असलेले यूएसबी जोडफलक, (३) हे सर्व मोडेम सांभाळणारा एक यजमान संगणक, व (४) त्या संगणकावर चालणारी प्रॉक्सी आज्ञावली. आज्ञावलीत प्रत्येक मोडेमसाठी वेगळा पोर्ट नेमलेला असतो. त्या पोर्टवर आलेली मागणी त्याच मोडेममधून बाहेर पडेल, अशी मार्गव्यवस्था यजमान संगणकावर करावी लागते. अन्यथा सर्व मागण्या एकाच मार्गाने जातात. मोबाइल कंपनीच्या पत्ता-रूपांतरामुळे बाहेरून फोनकडे थेट येता येत नाही. म्हणून वापरकर्ता दूर असल्यास स्थिर पत्ता असलेला एक सर्व्हर मध्ये ठेवून यजमान संगणकाकडून त्याच्याकडे कायम जोडणी राखली जाते.

पत्ता फिरविण्याची क्रिया तत्त्वतः साधी आहे. फोनचा मोबाइल जाळ्याशी असलेला संबंध क्षणभर तोडून पुन्हा जोडला, की माहितीवहनाचे नवे सत्र सुरू होते आणि कंपनीच्या साठ्यातून नवा पत्ता मिळण्याची शक्यता निर्माण होते. फोन विमानस्थितीत नेऊन परत आणणे किंवा मोडेमला तशी आज्ञा देणे, हे त्याचे नेहमीचे मार्ग होत. ही क्रिया ठराविक मिनिटांनी, प्रत्येक कामानंतर किंवा वापरणाऱ्याच्या सूचनेनुसार केली जाते. नवा पत्ता मिळेलच याची मात्र शाश्वती नसते. कंपनीचा साठा मर्यादित असल्यास तोच पत्ता पुन्हा वाट्याला येतो. शिवाय पत्ता बदलला तरी सिम कार्डाचा व उपकरणाचा क्रमांक बदलत नाही आणि ते दोन्ही कंपनीला सतत दिसत असतात. म्हणजे ही व्यवस्था समोरच्या संकेतस्थळापासून ओळख लपविते. मोबाइल कंपनीपासून नव्हे.

प्रत्यक्षात अशा मांडणीपुढील अडचणी बऱ्याच साध्या असतात. अखंड चालणारे फोन तापतात, सतत वीजभारित राहिल्याने त्यांच्या बॅटऱ्या फुगतात, जोडफलकाची वीज अपुरी पडून डोंगल बंद पडतात आणि एकाच मनोऱ्यावर अनेक मोडेमचा भार पडल्याने सर्वांचाच वेग उतरतो.

या साधनाची गल्लत ‘सिम बॉक्स’ या यंत्राशी करू नये. सिम बॉक्समध्येही अनेक सिम कार्डे आलटूनपालटून वापरली जातात. पण त्याचा उपयोग परदेशातून इंटरनेटमार्गे आलेली संभाषणे स्थानिक असल्याचे भासवून उतरवून घेण्यासाठी होतो. परवान्याशिवाय चालविलेले असे केंद्र म्हणजे भारतात बेकायदेशीर दूरध्वनी केंद्रच होय. सप्टेंबर २०२५ मध्ये अमेरिकेत न्यूयॉर्क परिसरातून सु. १ लक्ष सिम कार्डे व ३०० हून अधिक सिम सर्व्हर जप्त करण्यात आले. त्यावरून अशा यंत्रणांच्या आकाराची कल्पना येते.

उपयोग व गैरवापर : संकेतस्थळे चालविणाऱ्यांना एखादा पत्ता त्रासदायक वाटल्यास ते तो पत्ता बंद करतात. मोबाइल कंपनीचा पत्ता बंद करताना मात्र त्यांना विचार करावा लागतो, कारण त्यामागे असंख्य निरपराध ग्राहक असतात. मोबाइल प्रॉक्सीला बाजारात जे मोल आहे, ते या अडचणीमुळेच. याचा रास्त उपयोगही होतो. आपल्या जाहिराती वेगवेगळ्या भागांतील ग्राहकांना योग्य दिसतात की नाही, हे पाहणाऱ्या कंपन्या, मोबाइल जाळ्यावरून आपली सेवा कशी चालते याची चाचणी घेणारे अभियंते, सार्वजनिक माहिती गोळा करणारे संशोधक व वार्ताहर हे या साधनाचा उपयोग करतात. याउलट खोटी खाती उघडणे, तिकिटांची साठेबाजी, जाहिरातींवर खोटे ठोके नोंदविणे, चोरलेले परवलीचे शब्द तपासून पाहणे इ. गैरप्रकारांसाठीही तेच साधन वापरले जाते.

गैरवापराची किंमत सामान्य ग्राहकाला मोजावी लागते. ज्या पत्त्यावरून कोणी गैरप्रकार केला, तोच पत्ता काही वेळाने दुसऱ्या ग्राहकाच्या वाट्याला येतो. परीक्षेचा अर्ज भरणाऱ्या विद्यार्थ्याला किंवा कर्जाची माहिती पाहणाऱ्या शेतकऱ्याला मग कोडी सोडवावी लागतात, अथवा संशयास्पद हालचालीचे कारण देऊन प्रवेशच नाकारला जातो. जून २०११ मध्ये इंटरनेटच्या मानक-समितीतर्फे प्रसिद्ध झालेल्या एका टिपणात सामायिक पत्त्यांच्या अशा परिणामांची सविस्तर चर्चा आढळते.

याहून गंभीर प्रकार म्हणजे मालकाला न कळता त्याच्या उपकरणाचा प्रॉक्सी म्हणून वापर होणे. ‘९११ एस५’ या नावाने चालणाऱ्या सेवेत, सु. २०० देशांतील १ कोटी ९० लक्षांहून अधिक पत्त्यांशी निगडित संगणक मालकांच्या नकळत गोवले गेल्याचे अमेरिकेच्या न्याय विभागाने मे २०२४ मध्ये जाहीर केले. फुकट मिळणाऱ्या आज्ञावलींतून ही घुसखोरी झाली होती. फोनची जोडणी भाड्याने देऊन घरबसल्या उत्पन्न मिळविण्याची आमिषेही दाखविली जातात. त्या मोबदल्यात ग्राहक आपला पत्ता, पर्यायाने आपले नाव, अनोळखी व्यक्तीच्या हाती देत असतो.

पत्ता आणि जबाबदारी : पत्त्यावरून व्यक्ती ठरविण्यातील धोका महाराष्ट्रातील दोन घटनांनी स्पष्ट केला. ऑगस्ट २००७ मध्ये छत्रपती शिवाजी महाराजांविषयी ऑर्कुट या संकेतस्थळावर प्रसिद्ध झालेल्या आक्षेपार्ह मजकुराच्या तपासात पुणे पोलिसांनी बंगलोर येथील एका तरुण अभियंत्यास अटक केली. तो पत्ता त्या वेळी कोणाकडे होता, याविषयी सेवा देणाऱ्या कंपनीने दिलेली माहिती चुकीची होती. खरे कारण उघड होईपर्यंत त्या निरपराध तरुणाला सु. ५० दिवस तुरुंगात काढावे लागले. येथे कोणी प्रॉक्सी वापरला नव्हता किंवा पत्ता लपविला नव्हता. फिरणाऱ्या पत्त्याची नोंद चुकीची वाचली गेली, एवढेच झाले.

दुसरी घटना जुलै २००८ मधील होय. अहमदाबादेतील बाँबस्फोटांच्या वेळी पाठविण्यात आलेल्या धमकीच्या ईमेलचा माग नवी मुंबईतील सानपाडा येथील एका परदेशी नागरिकाच्या सदनिकेपर्यंत पोहोचला. त्याच्या घरातील बिनतारी जोडणीला परवलीच्या शब्दाचे संरक्षण नव्हते आणि तिचा उपयोग तिऱ्हाइतानेच केला होता. पत्ता त्याचा, कृत्य दुसऱ्याचे, असा हा प्रकार होता. फिरत्या प्रॉक्सीमध्ये हीच स्थिती अपघाताने नव्हे, तर रचनेनेच निर्माण होते.

नियम व नोंदी : या अनुभवांनंतर नोंदींकडे अधिक लक्ष देण्यात आले. २००९ मध्ये दूरसंचार विभागाने बिनतारी जोडण्या सुरक्षित ठेवण्याविषयी सूचना दिल्या. जून २०११ मधील एका आंतरराष्ट्रीय शिफारशीनुसार सर्व्हरने येणाऱ्या प्रत्येक मागणीचा पत्ता, सेकंदापर्यंत अचूक वेळ आणि पोर्ट या तिन्हींची नोंद ठेवावी, असे सुचविण्यात आले. यांतील एक जरी गाळले, तरी सामायिक पत्त्यामागील ग्राहक निश्चित करता येत नाही. पुष्कळ संकेतस्थळांच्या नोंदींत पोर्ट आढळत नाही, ही तपासातील मोठी उणीव आहे. डिसेंबर २०२१ मध्ये परवान्याच्या अटी बदलून दूरसंचार कंपन्यांनी वापराच्या नोंदी किमान दोन वर्षे ठेवाव्यात, असे ठरविण्यात आले. २८ एप्रिल २०२२ रोजी ‘सर्ट-इन’ या केंद्रीय संस्थेने दिलेल्या निर्देशांनुसार आभासी खाजगी जाळी व तत्सम सेवा देणाऱ्यांनी ग्राहकांची माहिती पाच वर्षे जतन करणे आवश्यक ठरले. दूरसंचार अधिनियम, २०२३ मधील कलम ४२ हे २६ जून २०२४ पासून अंमलात आले. फसवणुकीने किंवा तोतयेगिरीने सिम कार्ड मिळविणाऱ्यास त्यात तीन वर्षांपर्यंत कारावास, ५० लक्ष रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही अशी शिक्षा आहे. देशाच्या बहुतेक भागांत एका व्यक्तीच्या नावावर नऊपेक्षा अधिक सिम कार्डे असू शकत नाहीत. त्यामुळे मोठ्या मांडणीसाठी लागणारी कार्डे कोणाच्या नावावर घेतली, हा प्रश्न भारतात आपोआपच उभा राहतो.

नोंदींनाही दुसरी बाजू आहे. प्रत्येक नागरिकाने कोणत्या सेकंदाला काय पाहिले, याचा साठा दीर्घकाळ जपला गेल्यास तोही दुरुपयोगाचे साधन होऊ शकतो. अन्यायाविरुद्ध लिहिणाऱ्या वार्ताहराला किंवा आपल्या आजाराची माहिती शोधणाऱ्या रुग्णाला ओळख झाकून वावरण्याची रास्त गरज असते. म्हणून नोंद कोणी पाहावी, कोणाच्या आदेशाने पाहावी आणि केव्हा नष्ट करावी, हे ठरलेले असणे नोंद ठेवण्याइतकेच महत्त्वाचे आहे.

भावी दिशा : पत्त्यांच्या टंचाईवरील मूळ उपाय म्हणजे १२८ द्विमान अंकांच्या पत्त्यांची सहावी आवृत्ती. तिच्यात प्रत्येक फोनला स्वतंत्र सार्वजनिक पत्ते देता येतात. भारतातील मोबाइल कंपन्यांनी, विशेषतः २०१६ नंतर, तिचा मोठ्या प्रमाणावर स्वीकार केला व या बाबतीत भारत जगातील आघाडीच्या देशांत गणला जातो. तरीही अनेक संकेतस्थळे अद्याप जुन्या आवृत्तीवरच चालत असल्याने सामायिक पत्ते पूर्णपणे नाहीसे झालेले नाहीत. नव्या आवृत्तीतही फोनला मिळणारा पत्ता सत्रागणिक बदलू शकतो. म्हणजे सामायिकता कमी झाली, तरी पत्त्याचे फिरणे उरतेच.

एक मर्यादित वस्तू अनेकांना पाळीपाळीने देण्याचा प्रश्न सणसर परिसराला नवा नाही. नीरा डाव्या कालव्याच्या लाभक्षेत्रातील शेतकरी शेजपाळीच्या पद्धतीशी परिचित आहेत. आवर्तन सुटले की कोणत्या शेताला कोणत्या दिवशी व किती वेळ पाणी, हे पाणीअर्जांवरून ठरते आणि त्याची नोंद पाटकऱ्याकडे असते. पाटातले पाणी कोणा एकाचे नसते. ठरलेल्या वेळेपुरते ते एकाचे होते. इंटरनेटवरील पत्त्याची स्थितीही आज तशीच आहे. तो व्यक्तीचा नसतो, वेळेचा असतो. पाळी न्याय्य ठरते ती नोंदीमुळे. नोंद चुकली तर एकाचे पाणी दुसऱ्याच्या नावावर चढते, आणि नोंद हेतुपुरस्सर बुजविली तर पाणी कोणी नेले हे सांगता येत नाही. पुण्याच्या घटनेत पहिला दोष घडला; फिरत्या प्रॉक्सीच्या गैरवापरात दुसरा घडतो. दोन्हींचा भार अखेर त्या व्यवहाराशी संबंध नसलेल्या माणसावर पडतो. म्हणून पत्ता हा तपासाचा आरंभ मानावा, शेवट मानू नये, हा या इतिहासाचा निष्कर्ष तंत्रज्ञांप्रमाणेच पोलीस, न्यायालये व सामान्य ग्राहक यांनीही ध्यानी घेण्याजोगा आहे.